कोपऱ्याच्या प्लॉटची कुपाटी

चार कोपऱ्यांना चार दगड, एवढंच माझ्या घराचं कुंपण होतं. दगडांना चुना फासलेला आणि त्यावर काळ्या रंगानं प्लॉटचा नंबर. चंद्रपूरच्या बाहेर, जिथं थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत धानाच्या बांध्या होत्या, तिथं लेआऊट पडलं होतं. रस्ते म्हणजे मुरूम पसरलेल्या वाटा. नाल्या खोदलेल्या, पण बांधलेल्या नाहीत. वर वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर. वारा असेल तसा कधी आमच्या वाट्याला, कधी दुसऱ्यांच्या. त्यात कोपऱ्याचा प्लॉट माझा. माझ्या एकटीच्या नावावर.

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले, बी.ए. झाले, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर लागले, आणि चार वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडल्यावर हा प्लॉट घेतला. आमच्या सगळ्या गणगोतात बाईच्या नावानं निघालेला जमिनीचा पहिला कागद माझा आहे. एक्स्चेंजमधल्या बाया म्हणायच्या, एकटी राहतेस, कोपऱ्याचा प्लॉट काऊन घेतला, दोन बाजूंनी रस्ता. मी म्हणायचे, दोन बाजूंनी रस्ता म्हणून दोन बाजूंनी हवा. दोन खोल्या बांधल्या, वर कवेलू टाकले, पुढच्या खोलीत समोरच्या भिंतीवर दोन फोटो लावले. दार उघडं असलं की रस्त्यावरून ते दिसायचे. ज्याला त्यावरून आमची ओळख कळायची त्याला कळायची, आणि ती कळावी असंच मला वाटायचं.

बाबा आदल्या उन्हाळ्यात गेले होते. माय मूल तालुक्यातल्या आमच्या गावात एकटीच होती. मी तिला म्हणत होते, ये आता माझ्याकडे. ती म्हणायची, धान घरात येऊ दे, मंग पाहू. धान आलं, दिवाळी झाली, आणि माय आली. सोबत एक लोखंडी पेटी, एक गाठोडं आणि नव्या तांदळाचं पोतं. पाटा-वरवंटा मात्र आणला नव्हता. विचारलं तर म्हणाली, मागून. यावरून मी समजले. आमच्या बाया जिथं मुक्काम करतात तिथं आपला पाटा नेतात. पाटा गावात म्हणजे बाईही गावातच, इथं नुसती पाहुणी.

सायकल रिक्षातून उतरून माय घराच्या चहूबाजूंनी फिरली. एका दगडाला पाय लावून पाहिला आणि विचारलं, "कुपाटी कुठी हाये?"

मी सांगितलं की हे चार दगड, याच्या आतलं सगळं आपलं.

"हे ढोराईले कसं समजन? त्याईले आकडे वाचता येते का?"

मी हसले. ती हसली नाही. त्या आठवड्यात तिनं गाठोडं सोडलं नाही. लागेल तेवढं हात घालून काढायची आणि पुन्हा गाठ मारायची. न्हाणी मागच्या अंगणात होती, तीन बाजूंना विटांचे गुडघाभर थर आणि वरून आभाळ. माझी आंघोळ खोलीच्या मोरीत व्हायची. मायला ते जमेना. पाणी बाहेरच अंगावर घ्यायचं हा तिचा रिवाज, म्हणून कोणी उठायच्या आत ती आंघोळ उरकायची. दिवसा मागच्या दारात बसायची, तेही घराकडे तोंड करून. म्हणायची, मैदानात बसल्यासारखं वाटते, जो जाते तो पाहून जाते. मी कामावरून आले की ती गावाकडच्या गाड्यांची चौकशी करायची, सहज केल्यासारखी. मला कळत होतं. कुपाटीशिवाय माय राहणार नव्हती.

आमच्याकडे कुपाटी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण आता विटांची भिंत सगळीकडे झाली आहे आणि ते काम पाहिलेली माणसं कमी राहिली. धानाचं काम आटोपलं की गावात ज्याची त्याची कुपाटी नवी व्हायची. बांबू फोडून कामट्या काढायच्या, कामट्या विणून ताट्या करायच्या, आणि त्या ताट्या जमिनीत गाडलेल्या मेढींना बांधायच्या. बांधायला पळसाच्या मुळीचा दोर. हे बांधणं एकट्याचं काम नाही. आतला माणूस दोर ताटीतून बाहेर सारतो, बाहेरचा तो मेढीमागून ओढून घेतो, आवळतो आणि परत आत देतो. आत एक, बाहेर एक. आत घरचा माणूस असतो, बाहेर शेजारी. शेजाऱ्याची कुपाटी निघाली की आपण बाहेर उभं राहायचं. कुपाटीवरून दोघांचं भांडण झालेलं असलं, तू माझ्याकडे हातभर सरकलास, तुझ्या ताटीनं माझं ऊन अडवलं, तर त्याच माणसाला बाहेर उभं करायचं अशी रीत होती. त्यानं आपल्या हातानं आवळलेल्या गाठीवर मग त्याला वर्षभर बोलता येत नसे.

आमच्या घराच्या तीन बाजूंना आमचेच लोक होते. चौथ्या बाजूला गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची वाडी. ती बाजू बांधायला बाहेरून कोणी येत नव्हतं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. आमच्या हातातून दोर घ्यायचा नाही, एवढंच. बाबा एक टोक आतून सारायचे, मग फाटकातून वळसा घालून बाहेर जायचे, ओढून घ्यायचे, परत सारायचे, परत वळसा. सबंध बाजू अशी. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. दरवर्षी पावसात तीच बाजू आधी ढिली व्हायची.

तर माझ्या प्लॉटला कुपाटी करायचं ठरलं. चुलतभाऊ वनखात्याच्या डेपोतून रीतसर पास काढून बांबू घेऊन आला, ट्रॅक्टरमध्ये घालून. माझी त्या आठवड्यात सकाळची ड्युटी होती. मी जायचे आणि मागे माय न् चुलतभाऊ कामाला लागायचे. सब्बलीनं खड्डे, खड्ड्यांत मेढी, मग ताट्या. आतून माय, बाहेरून चुलतभाऊ. मायला ते फारसं पटलं नव्हतं. म्हणायची, दोन्हीकून घरचाच मानूस, हे कुपाटी नाई झाली, पिंजरा झाला. पण इथं ती दुसऱ्या कोणाला ओळखत नव्हती.

चौथ्या दिवशी मी परत आले तर माझं घर दिसेना. दिसत होते फक्त कवेलू. मायनं गावात करतात तशीच कुपाटी केली होती. आमचं गाव जंगलाला लागून. तिथं कुपाटी उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाते, कारण बुटक्या कुपाटीवरून बिबट शेळी उचलून नेतो. ताटी अशी घट्ट विणलेली की बोट जाणार नाही. वरून बोरीच्या काट्या. लेआऊटमध्ये बिबट नव्हता, शेळीही नव्हती, पण मायला कुपाटी एकाच मापाची येत होती. आणि मला ती आवडली. बांबू हिरवा होता, वास येत होता, आतलं अंगण एकदम मोठं वाटत होतं. माय मागच्या दारात घराकडे पाठ करून बसली होती आणि तांदूळ निवडत होती. चुलतभाऊ त्याच संध्याकाळच्या गाडीनं गेला.

रस्त्यापलीकडे, बरोबर कोपऱ्यासमोर, साताऱ्याकडचं एक जोडपं राहायचं. तो वीज केंद्रात नोकरीला, बाई घरी. स्कूटर होती त्यांच्याकडे. येता-जाता मान हलवण्यापुरती आमची ओळख. कुपाटी झाल्यावर दोन-चार दिवसांत तो ड्युटीवरून येत असताना वळणावर दूधवाल्याच्या सायकलवर धडकला. दोघं एकमेकांना दिसले नाहीत, मध्ये आमच्या ताट्या. दूधवाल्याला काही झालं नाही, पण दोन्ही कॅन उलटले आणि मुरमावरून दूध नालीत गेलं. याचं कोपर सोललं. कोपर धरूनच तो आमच्या फाटकाशी आला आणि म्हणाला की तुमच्या कुंपणानं वळण आंधळं झालंय, कमी करा.

मी म्हटलं, प्लॉट माझा आहे, कुंपण माझ्या हद्दीत आहे. कमी करायचं असा नियम असेल तर दाखवा.

तो म्हणाला, दाखवतो.

तसा तो सरळ माणूस. दाखवतो म्हणाला आणि नगर परिषदेत तक्रार देऊन आला, आणि आल्यावर मला सांगूनही गेला की दिली. पुढच्या आठवड्यात ओव्हरसियर सायकलवरून आला. त्यानं सायकल स्टँडला लावली, कुपाटीकडे बघितलं, वरच्या काट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, किल्ला बांधला का?" मग कामाचं बोलला: कोपऱ्याच्या प्लॉटला असं चालत नाही, पंधरा दिवसांत उतरवा, नाही तर आमची माणसं येऊन उतरवतील. त्यालाही मी तेच म्हटलं, नियम दाखवा. तो म्हणाला, ऑफिसात या.

मी गेले. अर्धी रजा टाकून गेले. तिथल्या बाबूला वाटलं होतं की ही बाई आलीय म्हणजे रडेल, सवलत मागेल. मी म्हटलं, मला ते पुस्तक पाहायचं आहे. त्यानं कपाटातून एक धुळीचं इंग्रजी पुस्तक काढून दिलं, दिल्यासारखं करून परत घ्यावं अशा बेतानं. मी खुर्ची ओढून घेतली आणि वाचायला बसले. त्याचा चहा झाला, पान झालं, मी वाचतच होते. कॉलेजात इंग्रजीशी मी फार झगडले होते. ते त्या दिवशी कामी आलं.

नियम असे होते. रस्त्याच्या बाजूचं कुंपण अमुक उंचीच्या वर नेता येत नाही. कोपऱ्याच्या प्लॉटला वळणाजवळच्या भागात कंबरेपर्यंतच भरीव ठेवायचं, त्याच्या वर फक्त आरपार दिसेल अशी जाळी, म्हणजे इकडून येणाऱ्याला तिकडून येणारा दिसावा. रस्त्याच्या बाजूला काटे, काचा, काटेरी तार लावायची नाही. फाटक आतल्या बाजूनं उघडलं पाहिजे, रस्त्यावर नाही. नालीवर काही यायला नको. मागच्या बाजूला, जिथं रस्ता नाही, तिथं उंचीची जास्त मोकळीक.

मी वाचलं आणि मला पटलं. हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. न वाचता कोणाचं ऐकणं मला आयुष्यात जमलं नाही, पण वाचून पटलं की मी मानते. दूध नालीत गेलं त्या जागी एखादं लेकरू असतं तर, हेही मनात आलं. मी बाबूला पुस्तक परत दिलं आणि म्हटलं, बरोबर आहे तुमचं, उतरवते. त्याला बहुतेक वाद झाला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आले आणि मायला समजावलं. कंबरेएवढी भरीव, वर जाळी, काट्या काढायच्या. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे येनारा-जानारा आत पाहीन?"

मी म्हटलं, दोन्ही रस्त्यांकडून दिसेल, हो.

"मंग ते कायची कुपाटी? मी सोमवारच्या गाडीनं गावाले जातो."

ती रागावून बोलली नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. रागावली असती तर मी भांडले असते. पुढं ती म्हणाली की जायच्या आधी कुपाटी नीट करून देतो, तुले नगरपालिकेचे बोल नको. मी खूप बोलले. पडदे लावू म्हटलं, झाडं लावू म्हटलं. ती हो-हो करत राहिली आणि गाठोड्याची गाठ तपासून आली.

त्या दोन दिवसांत मी समोरच्यांकडे मान हलवणं बंद केलं. नियम त्याच्या बाजूनं होता हे खरं, पण माझी माय जात होती हेही खरं. मायला सांगून ठेवलं की तक्रार देणारा तो समोरचा, त्याच्याशी बोलायचं काम नाही. तिनं एवढंच विचारलं की तक्रार त्यानंच देल्ली हे पक्कं का. मी म्हटलं, तोच सांगून गेला. ती म्हणाली, हं.

रविवार उजाडला. मायनं आधी काट्या उतरवल्या, मग विळ्यानं वळणाकडच्या ताट्यांचे बंध कापायला सुरुवात केली. मी मागं केस धूत होते. पाणी ओतायचं थांबवून पाहिलं तर माय कुपाटीपाशी नाही. डोक्याला पंचा गुंडाळून पुढं आले, तर माय समोरच्यांच्या फाटकाशी. पदर खोचलेला, हातात विळा तसाच. त्या बाईनं खिडकीतून पाहिलं आणि पडदा सोडून दिला. हे तिनं नंतर मला हसत हसत सांगितलं. 

"भाऊ, घरी हाव का?" मायनं हाक मारली.

तो बनियनवर बाहेर आला. कोपराला अजून पट्टी होती. विळ्याकडे बघून तो दारातच थांबला.

माय म्हणाली, "कुपाटी उतरवाले तुम्ही लावली ना? मी उतरवून राह्यली. पन बांधाले बाहेरून मानूस पायजे. चाला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याच्या अलीकडे डोक्याला पंचा बांधून उभी, आणि मला वाटलं जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. त्याला वाटलं असणार की म्हातारी भांडायला आलीय, टोमणा मारतेय.

"मी बांधू?" त्यानं विचारलं.

"मंग कोन? ज्याले पटत नाई तोच बाहेर उभा राह्यते. तुमच्या मनाची उंची तुम्हीच धरा. उद्या बोलाले जागा नाई राहनार."

यात टोमणा नव्हता. गावात जे करतात तेच ती करत होती. तक्रार म्हणजे शहरात वैर असतं, ऑफिसचं, कागदाचं, न बोलण्याचं. हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. तिच्या हिशेबानं ज्यानं कुपाटीवर बोट ठेवलं तो आता या कामातला अर्धा माणूस होता आणि त्याला न बोलावणं हाच अपमान झाला असता.

तो अजून ठरवतच होता, तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "जावा की. रविवारचं नुसतं बसून तर हायसा." तो शर्ट घालून आला.

ताट्या आडव्या टाकून मी आणि माय कापत गेलो. वळणाच्या मेढीपासून दोन्ही रस्त्यांकडे नियमात होतं तेवढं अंतर मी पावलं टाकून मोजून दिलं; त्यापुढची रस्त्याकडची ताटीही पुस्तकातल्या उंचीवर आणली. मायला म्हटलं, कंबरेपर्यंत. ती म्हणाली, कोनाच्या कंबरेपर्यंत, तुझ्या का माह्या? शेवटी समोरचा ताटीशेजारी उभा राहिला आणि त्याच्या कंबरेशी आम्ही खूण केली, कारण तो आमच्या दोघींपेक्षा उंच होता आणि मायला तेवढंच मिळालं. वर मायनं कामट्या तिरप्या बांधून जाळी केली, चौकटी-चौकटींची, त्यातून मुठीएवढा हात जाईल अशी. मी स्वतः रस्त्यावर जाऊन पाहिलं. तिकडून सायकल आली तर दिसत होती.

मग बांधणं सुरू झालं. आत माय, बाहेर तो. पहिल्या गाठी त्यानं अशा मारल्या की मायनं ओढताच सुटल्या.

"वीज बनवता म्हन्ते तुम्ही," माय म्हणाली. "एक गाठ बनत नाई?"

"तिथं बटन असतं, मावशी," तो म्हणाला.

माय हसली. घर पाहिल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली असावी. मग तिनं त्याला दोर मेढीमागून दुहेरी कसा घ्यायचा ते दाखवलं, आणि तो शिकला. काम पुढं सरकू लागलं. ती सारायची, तो ओढायचा, आवळायचा, परत द्यायचा. तो त्यांच्याकडचं सांगत होता, की तिकडं दगड फार, बांध दगडाचे, कुंपणही दगडाचं, रचलं की झालं. माय ऐकत होती. जाळीतून एकमेकांचे चेहरे दिसत होते. उंच ताट्या असत्या तर नुसते आवाज आले असते.

अर्धी बाजू झाली तेव्हा माय बोलली. हात चालूच होते.

"माह्या मालकाले एका बाजूनं जलमभर कोनी दोर ओढून देल्ला नाई. एक गाठ मारे न् बाहेर पये. एक गाठ मारे न् आत पये."

त्यानं विचारलं, का? शेजारी नव्हता?

मायनं हात थांबवले. दोराचं टोक ताटीत तसंच धरून उभी राहिली. मी फाटकाशी कामट्या गोळा करत होते, मीही थांबले.

"आमी कोन हाव ते तुमाले मालूम हाये ना?" तिनं विचारलं.

"दारातून फोटो दिसतात की, मावशी," तो म्हणाला. "दोर द्या इकडं."

तिनं दोर दिला. त्यानं आवळला. पुढची गाठ मारली. यावर त्या दिवशी आणखी काही बोलणं झालं नाही, नंतरही झालं नाही. त्याची बायको चहा घेऊन आली, किटलीच आणली, आणि मायच्या शेजारी जमिनीवर बसून विचारू लागली की इकडं कोथिंबिरीला सांबार का म्हणतात. मायनं तिला उलट विचारलं की तुमच्याकडे सांबाराले कोथिंबीर काऊन म्हनते. दोघी त्यावर बराच वेळ बोलल्या आणि चहा थंड झाला.

दुपारी फाटक राहिलं. नियम आठवून मी म्हटलं, माय, फाटक आत उघडलं पाहिजे, तसा नियम आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी पोरकट बोलले. "पाव्हना दारात आला तं फाटक त्याच्या अंगावर ढकलते का कोनी? हे सांगाले नगरपालिका लागते?" म्हणजे पुस्तकातला एक नियम तरी तिला आधीपासून येत होता. ते फाटक आधीच आत उघडत होतं.

दोनच दिवसांनी ओव्हरसियर परत आला, पण त्याचं नंतर सांगते. आधी सोमवार.

सोमवारी सकाळी मला ड्युटी होती. मूलकडची गाडी साडेदहाला निघायची. मी मायला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती जाते म्हणाली असती, कारण एकदा बोललेलं ती सहसा फिरवत नसे. मी डबा घेतला आणि निघाले. एक्स्चेंजमध्ये त्या दिवशी मी दोन नंबर चुकीचे जोडले आणि सुपरवायझर बाईंचं ऐकून घेतलं. साडेदहा वाजले, अकरा वाजले. मी घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळं सारखी पाहत होते.

दुपारी घरी आले तर फाटक लोटलेलं. आत पाऊल टाकलं. पुढच्या खोलीत पेटी तिथंच, पण तिच्यावर गाठोडं नाही. मागं गेले. न्हाणीभोवती नवी उंच आडोशाची भिंत उभी होती; रस्त्याकडच्या कापून टाकलेल्या ताट्यांचे वरचे तुकडे मायनं तिथं आणून तिन्ही बाजूंनी बांधले होते. डोक्याएवढ्या उंच. मागच्या बाजूला नियमात मोकळीक होती, हे मीच तिला सांगितलं होतं. तिथं बाहेरून दोर कोणी ओढला असेल हे मी विचारलं नाही, कारण समोरच्यांची बाई आमच्याच अंगणात बसून बोटात रुतलेलं बांबूचं कुसळ काढत होती. दोरीवर मायची दोन्ही लुगडी वाळत होती, ओली, धुतलेली. गाठोड्याचं फडकंही त्यांच्याच शेजारी वाळत होतं.

माय भिंतीलगत चार बोटं माती उकरून सांबार पेरत होती. मान वर न करता तिनं मला कामच सांगितलं.

"तुह्या भावाले निरोप दे. येईन तं पाटा घेऊन ये म्हना. इथच्या दुकानातली तिखटाची पूड कोनाच्याच कामाची नाई."

मी बरं म्हटलं आणि आत जाऊन पाणी प्यायले. दोन पेले प्यायले.

ओव्हरसियरचं एवढंच: तो आला, सायकलवरून न उतरता वळणावर गेला, तिकडून परत आला, आणि जाळीतून मायकडे पाहून म्हणाला की आता दिसते बरं. माय म्हणाली, दिसते तं या, चहा घ्या. तो आला. वर्षं गेली तशी ती कुपाटी दर दिवाळीनंतर नवी होत राहिली, आणि समोरचा बदली होऊन जाईपर्यंत बाहेरून तोच उभा राहायचा. शेवटी शेवटी त्याच्या गाठी मायपेक्षा घट्ट बसायच्या, आणि हे माय त्याच्या तोंडावर कधी कबूल करत नसे.

पाट्याचा निरोप मात्र मी कोणाच्या हाती दिला नाही. गावात फोन नव्हता. पण मूलच्या धान गिरणीत होता, आणि त्या दिवसांत चुलतभाऊ धान घेऊन तिथं जायचा. मी मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत रीतसर ट्रंक कॉल बुक केला, आपलाच बोर्ड, पण बाहेरच्या गिऱ्हाइकासारखा. लाईन खरखरत होती. गिरणीच्या मुनीमानं विचारलं, निरोप काय. मी सांगितलं. त्याला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही. ट्रंक कॉल म्हणजे कोणी गेलं किंवा कोणी जन्मलं एवढंच त्याला ठाऊक होतं. त्यानं परत विचारलं.

"पाटा," मी म्हटलं. "आणि वरवंटा विसरू नको म्हणावं."